खांबामागचा नळ

मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी विमानतळाच्या प्रतीक्षागृहात श्रीपती माळगे हे प्रवासी भोवळ येऊन पडले. वय एकाहत्तर, निवृत्त मुख्याध्यापक, राहणार कासारखेड. बंगळुरूचं विमान तीन तास उशिरा होतं. माळगे यांना रुग्णालयात हलवण्यात आलं. प्रकृती स्थिर होती.

बातमी माझी होती. तेरा वर्षांपूर्वीचा मे महिना, पान तीन, डावीकडचा खालचा कोपरा, पाच ओळी. शहरातल्या त्या दैनिकात मला वार्ताहर म्हणून तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि विमानतळ माझ्याकडे होता. माळग्यांचं वय सत्तर की एकाहत्तर, एवढ्यासाठी मी रुग्णालयात दोनदा फोन केला होता. पाच ओळींत एकही चूक नव्हती.

बुधवारी अकराच्या बैठकीत वृषाली तांदळे पेपर दुमडून मांडीवर घेऊन बसली होती. तिला आमच्याकडे येऊन दोन वर्षं झाली होती. तिच्याकडे शाळा आणि नाट्यगृहं.

"घोलप सर, एक विचारू?"

"विचार."

"हे माळगे पडले कशामुळे?"

"उकाडा. वय. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी कमी झालं होतं."

"पण ते विमानतळावर बसले होते ना? शेतात नव्हते. तीन तास बसलेला माणूस पाणी का नाही प्यायला?"

संपादक कुलथे साहेब चहा ढवळत होते. चमचा थांबला.

"घोलप, पाणी का नाही प्यायला?"

"विचारलं नाही, साहेब."

"का?"

"पाच ओळींची बातमी होती."

"तू विचारलं नाहीस म्हणून पाच ओळींची झाली," ते म्हणाले आणि तिच्याकडे वळले. "वृषाली, जा तू. बघून ये."

मला ते अकरा वर्षं आडनावाने हाक मारत होते.

मुंबई कार्यालयात विशेष प्रतिनिधीची एक जागा होती. ती जूनमध्ये रिकामी होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मी त्या जागेची नऊ वर्षं वाट पाहिली होती, आणि त्या बुधवारपर्यंत माझ्याशिवाय दुसरं नाव कुणी घेतलं नव्हतं.

शनिवारी तिची बातमी पहिल्या पानावर आली, वरच्या अर्ध्यात.

तिने जे आणलं ते असं. कासारखेडच्या एस.टी. थांब्यावर माळगे गुरुजी छत्तीस उन्हाळे पाणपोई चालवत होते. चार रांजण, त्यांना गुंडाळलेलं ओलं फडकं, लांब दांड्याचं ओगराळं. पाणी विकत घेऊन प्यायचं नाही, हा त्यांचा नेम. मुलीकडे बंगळुरूला निघाले होते, विमानात पहिल्यांदाच बसणार होते. बरोबर घरचं पाणी भरलेला पितळी फिरकीचा तांब्या. तपासणीच्या ठिकाणी तो रिकामा करायला सांगितला. शेजारी कचऱ्याचा डबा होता. पाणी डब्यात कसं ओतायचं, म्हणून गुरुजींनी ते कुंडीतल्या झाडाला घातलं. झाड प्लास्टिकचं होतं.

आत गेल्यावर तांब्या पुन्हा भरू, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. आत पाणी होतं ते कॉफीच्या दुकानातल्या बाटल्यांमध्ये. गुरुजींनी दोघांना विचारलं. एकाने दुकान दाखवलं, दुसऱ्याने स्वच्छतागृह. मग ते रिकामा तांब्या मांडीवर घेऊन बसून राहिले.

वृषालीने एक तासाचा पास काढून प्रतीक्षागृह पालथं घातलं होतं. फोटोला आत बंदी होती. जनसंपर्क अधिकारी रजेवर होते, त्यांचा फोन लागला नाही, असंही तिने लिहिलं होतं. बातमीचं शेवटचं वाक्य एवढंच होतं: प्रतीक्षागृहात पिण्याच्या पाण्याचा एकही नळ नाही.

मी ती बातमी तीनदा वाचली. चूक शोधत होतो. तिन्ही वेळा 'रिकामा तांब्या मांडीवर घेऊन' इथे थांबलो. मी रुग्णालयात दोनदा फोन केला होता. ती एकदा तिथे गेली होती. फरक एवढाच होता, आणि तो मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सोमवारपर्यंत चौतीस पत्रं आली. मी मोजली. एका महिला मंडळाने विमानतळाच्या फाटकाशी माठ आणून ठेवला, त्याला हार घातला. पोलिसांनी तो उचलला, त्याचीही बातमी झाली. एका उन्हाळी शिबिरातल्या मुलांनी तांब्याची चित्रं काढून पाठवली. वृषालीने त्यातली दोन आपल्या टेबलाच्या काचेखाली सरकवली. एकात तांब्याला डोळे होते.

त्या दिवशीच्या बैठकीत कुलथे साहेब खुशीत होते.

"घोलप, तुझी बातमी म्हणजे शवविच्छेदनाचा अहवाल असतो. बिनचूक. पण माणूस मेलेला."

सगळे हसले. मीही हसलो. वृषाली हसली नाही.

आमचा माठ माझ्या टेबलाशेजारी होता. पाणी प्यायला आली की ती माझाही पेला भरून ठेवायची. आल्यापासूनची तिची सवय. त्या दुपारीही तिने पेला ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "साहेबांचं मनावर घेऊ नका. नाव, गाव, वेळ, सगळं तुमच्या बातमीतलं. ते नसतं तर मी कुणाला शोधत गेले असते?"

"तू शोधलं असतंस."

"नाही हो. मला तर ते सत्तरचे वाटले. तुम्ही एकाहत्तर लिहिलंय म्हणून मी एकाहत्तर लिहिलं."

ती असं बोलली नसती तर मला सोपं गेलं असतं. ती गेल्यावर मी पेल्यातलं पाणी खिडकीबाहेर टाकलं आणि स्वतःच्या हाताने पेला भरून घेतला.

बुधवारी कुलथे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावायला सांगितलं.

"मुंबईला वृषालीला पाठवावं म्हणतोय. तुला वाईट वाटेल, ठाऊक आहे. म्हणून आधी तुला विचारतोय. मत सांग."

"चांगलं लिहिते."

"ते मलाही दिसतं. पक्की आहे का?"

पक्की म्हणजे काय, हे आमच्या कार्यालयात सगळ्यांना एकाच तऱ्हेने कळायचं. कुलथे साहेबांचा नियम होता: ज्याची चूक, खुलासा त्याच्याच हाताने. चूक पहिल्या पानावर असेल तर खुलासाही पहिल्या पानावर, तेवढ्याच रुंदीत, वार्ताहराच्या नावानिशी. मग त्याचं कात्रण माठामागच्या फलकावर महिनाभर लावलेलं असायचं. पाणी प्यायला येणारा प्रत्येकजण ते वाचायचा. फलकावर ज्याचं कात्रण आहे त्याला त्या वर्षी बढती नाही, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पण अपवाद कुणी पाहिला नव्हता.

"दोन वर्षांत तिचा एकही खुलासा नाही," मी म्हणालो.

"आणि तुझा?"

"अकरा वर्षांत नाही."

"तेच तर," ते म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. "सोमवारी सांगतो."

शुक्रवारी सकाळी साडेदहाला विमानतळाचे जनसंपर्क अधिकारी सिन्नरकर यांचा फोन आला. संपादकांना नाही, मला.

"घोलपसाहेब, आठ दिवस रजेवर होतो, तर तुमच्या लोकांनी आम्हाला फासावर चढवलं!"

"बोला."

"'एकही नळ नाही' म्हणे. अहो, आहे! या, दाखवतो. स्वतःच्या डोळ्यांनी बघा, हाताने फिरवा."

"कुठे आहे?"

"खांबामागे. लहान मुलांच्या खोलीशेजारी. बाईंना दिसला नाही. नवीन पोरगी, भावनेच्या भरात लिहून गेली. माझी तक्रार नाही. पण वरून विचारणा आलीय. तुमच्यासारखा जुना, मोजूनमापून लिहिणारा माणूस बघून गेला तर आमचंही समाधान होईल."

हे फोन संपादकांना करायचे असतात, हे त्याला माहीत होतं. त्याने मला का केला हे मलाही कळलं होतं. मी पावणेबाराला तिथे पोचलो.

सिन्नरकर पास हातात घेऊन उभाच होता. प्रतीक्षागृह भरलेलं होतं. गुरुजींच्या बातमीतली प्लास्टिकची झाडं, कॉफीचं दुकान, सगळं जागच्या जागी. हॉलच्या पूर्वेला एक रुंद चौकोनी खांब होता. त्याच्यापुढे खुर्च्यांची एक रांग, मागे लहान मुलांच्या खोलीची भिंत. मधल्या बोळात स्टीलची पेटी बसवली होती, तिला दोन नळ, वर निळी पाटी: पिण्याचे पाणी. एक बाई बाळाची बाटली भरत होती. तिच्यामागे कॉलेजची दोन मुलं रिकाम्या बाटल्या घेऊन उभी होती.

"बघा," सिन्नरकर म्हणाला. "रांग लागते."

मी दोन्ही नळ फिरवले. पाणी गार होतं, धार चांगली होती. ओंजळीने प्यायलो. भिंतीला हात टेकून पेटीच्या बाजूने, खालून पाहिलं. बोळाच्या एका टोकाला उभा राहून पाहिलं, मग दुसऱ्या. कॉफीच्या दुकानापासून पावलं मोजली. बेचाळीस.

"कधीपासून आहे?"

"पहिल्यापासून. हा नकाशा बघा." त्याने घडी उलगडली. इमारतीच्या नकाशावर खांबामागे एक छोटं वर्तुळ होतं आणि पुढे बारीक अक्षरांत 'पेयजल'. तारीख चार वर्षांपूर्वीची. "कागद खोटं बोलेल का?"

"झेरॉक्स द्या."

"तुमच्यासाठीच काढून ठेवलीय."

मी वही काढली. मी जे बघतो ते आकडे घालून लिहितो. विचार नंतर करतो. त्या बोळात उभ्याने मी सहा नोंदी केल्या, वही मिटली, रुमालाने हात पुसले आणि निघालो. सिन्नरकर दारापर्यंत सोडायला आला. "चहा?" म्हणाला. मी नको म्हणालो. कुणाचा चहा घ्यायचा नाही, हा माझा नेम होता.

दुपारी चार वाजता कुलथे साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही तिघंच होतो. नकाशाची झेरॉक्स टेबलावर होती. वृषाली उभीच राहिली.

"बस," साहेब म्हणाले.

"नको. साहेब, मी खांबामागे गेले होते."

"गेली होतीस?"

"हो. तिथे पेपरांचा रॅक होता. लाकडी, चार पायांचा. त्यात आपला पेपर वाकडा लटकत होता, मी सरळसुद्धा केला. नळ नव्हता. असता तर रॅक कशाला ठेवतील तिथे?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "घोलप, रॅक आहे?"

"रॅक आहे," मी म्हणालो. "पण खांबाच्या अलीकडे. खुर्च्यांपाशी."

"आणि नळ?"

मांडीवर उघडलेल्या वहीतून मी वाचलं. "एक. खांबामागे स्टीलची पेटी, दोन नळ, पाटी. दोन. दोन्ही चालू, पाणी गार, पिऊन पाहिलं. तीन. प्रवासी वापरतात, पाहणीच्या वेळी तिघे. चार. दुकानापासून बेचाळीस पावलं."

वही मिटली.

वृषाली माझ्याकडेच बघत होती. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ती आठवून बघत होती. स्वतःला तपासत होती.

"सर, तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"हो."

"जुना वाटला?"

"स्टीलला जुनं-नवं काय कळतं?"

"पाणी आलं?"

"आलं. प्यायलो मी."

ती खुर्चीवर बसली. नकाशा जवळ ओढला, त्या छोट्या वर्तुळावर बोट ठेवलं.

"मग माझंच चुकलं असेल," ती म्हणाली. "एका तासाचा पास होता, घाई होती. कदाचित मी दुसऱ्या खांबामागे गेले असेन. हॉलमध्ये खांब दोन आहेत ना, सर?"

"दोन आहेत."

"साहेब, दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी भांडले असते. घोलप सर म्हणताहेत म्हणजे आहे."

कुलथे साहेब खिडकीकडे बघत म्हणाले, "तू सांग, वृषाली. तुझं ठाम म्हणणं असेल तर मी तुझ्या बाजूने उभा राहतो."

तिने मान हलवली. "नाही. लिहिते मी."

तिने खुलासा माझ्या शेजारच्या टेबलावर बसून लिहिला. पाच ओळी. मला दाखवायला आणला.

"वेळ टाकू का पाहणीची?"

"टाक. दुपारी बारा."

"आणि 'नजरेतून सुटला' म्हणू की 'नजरचुकीने राहून गेला'?"

"सुटला."

तिने खोडून लिहिलं: 'विमानतळाच्या प्रतीक्षागृहात पिण्याच्या पाण्याचा नळ आहे. तो या प्रतिनिधीच्या नजरेतून सुटला, त्याबद्दल दिलगिरी.' शनिवारी तो पहिल्या पानावर आला. सोमवारी शिपायाने कात्रण फलकावर लावलं. त्या दिवसापासून ती पाणी घरून बाटलीत आणू लागली. माझा पेला भरणं अर्थातच थांबलं. माठाकडे तिला यावंच लागत नव्हतं.

त्याच सोमवारी साहेबांनी मला मुंबईचं सांगितलं. अभिनंदन केलं, हात हातात घेतला. "तू पक्का आहेस, रत्नाकर," म्हणाले. नाव त्यांना माहीत होतं तर.

आनंद झाला का? झाला. रात्रभर नाही टिकला, पण झाला. मी तो नाकारणार नाही. सकाळी फलकासमोर उभा राहून मी पाणी प्यायलो आणि तिच्या पाच ओळी पुन्हा वाचल्या. त्याही बिनचूक होत्या.

गुरुवारी टपाल आलं. टपाल माझ्या टेबलावर यायचं, मी वाटायचो. वृषाली त्या दिवशी रजेवर होती. तिच्या नावाचं एक पोस्टकार्ड होतं. पोस्टकार्ड कुणीही वाचू शकतं. अक्षर शाळेच्या फळ्यावरचं, ओळी सरळ.

'चि. वृषालीताईस अनेक आशीर्वाद. शनिवारचा खुलासा वाचला. चूक झाली असल्यास ती माझी, मीच आपणांस नळ नाही असे सांगितले. म्हणून काल तालुक्याला जाऊन डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणतात, चष्म्याचा नंबर तोच आहे. ताई, मी तीन तास त्या खांबामागेच बसलो होतो, भिंतीला टेकून, पुढे पेपरांचा रॅक होता. खुर्च्या भरलेल्या होत्या म्हणून खाली बसलो. नळ असता तर माझ्या पाठीला लागला असता. तरी आपले साहेब म्हणतात तर असेल. आपल्या नोकरीला धक्का लागू नये, म्हणून हे पत्र त्यांना दाखवावे. तांब्या आता घरीच ठेवतो. श्रीपती माळगे.'

मी ते दोनदा वाचलं. कुलथे साहेबांची केबिन माझ्या टेबलापासून अकरा पावलांवर होती. दार उघडं होतं. ते फोनवर बोलत होते, त्यांचं बोलणं संपलं, मग त्यांनी पेपर उघडला. मी उठलो, माठापाशी गेलो, पाणी प्यायलो, परत येऊन बसलो. पोस्टकार्ड वहीत ठेवलं. विमानतळाच्या पानावर.

त्या पानावर नोंदी सहा होत्या. मी चार वाचून दाखवल्या होत्या. उरलेल्या दोन अशा:

'पाच. पेटीभोवतीच्या टाइलींमधलं पांढरं सिमेंट ओलं. बोटाला लागलं.

सहा. नळाखाली फरशीवर चार ठसे, चौकोनात. रॅकचे पाय?'

प्रश्नचिन्ह तेव्हाचंच आहे. केबिनमध्ये वृषाली रॅकबद्दल बोलली तेव्हा वही माझ्या मांडीवर उघडी होती आणि सहावी नोंद माझ्या अंगठ्याखाली होती. मी त्या दुपारी एकही खोटं वाक्य बोललो नाही. साहेबांनीही 'अजून काही?' असं विचारलं नाही.

नळ शनिवार ते शुक्रवार या सहा दिवसांत बसला. तिच्या बातमीमुळे बसला. हे कुठे छापून आलेलं नाही.

जूनमध्ये मी मुंबईला गेलो. ऑगस्टमध्ये वृषालीने राजीनामा दिला. कारण घरगुती लिहिलं होतं. नंतर कळलं, ती लातूरला एका पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते. तिच्या हाताखालून गेलेल्या पुस्तकात चूक सापडत नाही, असं तिथला एकजण मला कौतुकाने सांगत होता. मी विषय बदलला.

माळगे गुरुजी मुलीकडे शेवटी रेल्वेने गेले. सहा वर्षांपूर्वी वारले. पाणपोई आता त्यांची शाळा चालवते, एवढं कासारखेडच्या एका माणसाकडून समजलं.

त्या विमानतळावरून मी पुढे किती वेळा गेलो, त्याचा हिशेब ठेवलेला नाही. हॉल वाढवला, खुर्च्या बदलल्या, खांब तोच आहे. नळ आता चार आहेत, मोठी पाटी लावली आहे, बाण रंगवले आहेत. तपासणीतून सुटलेले लोक रिकाम्या बाटल्या हलवत थेट तिथे जातात. माझी बाटली मी तिथे भरत नाही. कॉफीच्या दुकानातून घेतो.

मार्चमध्ये निवृत्त झालो. टेबल आवरताना चव्वेचाळीस वह्या निघाल्या. सगळ्या घरी आणल्या, त्रेचाळीस कपाटात ठेवल्या.

या महिन्याच्या दोन तारखेला ती एक वही, आत पोस्टकार्डासकट, वृषालीच्या लातूरच्या पत्त्यावर पोचपावती लावून पाठवली. झेरॉक्स ठेवली नाही. सोबत पत्र जोडायचं होतं. तीनदा लिहायला बसलो. तिन्ही वेळा पहिलं वाक्य बरोबर आलं आणि दुसऱ्यात गडबड झाली. शेवटी नुसतंच पाकीट बंद केलं.

पोचपावती अकरा तारखेला परत आली. सही तिचीच आहे. 'वृ'ची शेपटी ती अजूनही पुढच्या दोन अक्षरांखालून ओढते. नऊ तारीख तिने स्वतः घातली आहे.

आज सव्वीस. अजून काही आलेलं नाही.